आईचे नाव, वारसाचा चेहरा

पवनीच्या तीन अंगांना मातीचा तट आणि खंदक आहे. चौथे अंग वैनगंगेने राखले आहे. भंडारा जिल्ह्यातले हे तालुक्याचे गाव आज वर्तमानपत्रांत येते ते बहुतकरून गोसीखुर्द धरणाच्या निमित्ताने. १९६९-७० साली मात्र इथली जगन्नाथ टेकडी गाजत होती. नागपूर विद्यापीठाचे शां. भा. देव आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे जगत्पती जोशी यांनी तिथे खोदकाम केले आणि टेकडीच्या पोटातून मोठा बौद्ध स्तूप, त्याच्या कठड्याचे कोरीव खांब आणि दान देणाऱ्यांचे छोटे छोटे लेख बाहेर आले. एका शिल्पात मुचलिंद नाग आहे, आणि पाहणाऱ्याचा घोटाळा होऊ नये म्हणून त्याचे नावही सोबत कोरलेले आहे.

नागाचेसुद्धा नाव लिहून ठेवणाऱ्या या गावात राजांनी आपली ओळख कशी ठेवली असेल?

एकाने दगडाच्या पाटावर. भगदत्त नावाच्या भार कुळातल्या राजाने इथे पादुकापट्ट बसवला. त्यावर पावले देवाची, आणि राजाचे नुसते नाव व कूळ. दुसऱ्याने खांबावर. महाक्षत्रप कुमार रूपिअम्म याच्या नावाचा ब्राह्मी लेख असलेला खांब पवनीला मिळाला, आणि लेखात त्या खांबाला ‘छायाखांब’ असेच म्हटले आहे. म्हणजे गेलेल्या माणसाची छबी, त्याचे स्मारक. अशी स्मारके कृष्णाकाठी नागार्जुनकोंड्यालाही आहेत. हा रूपिअम्म स्वतः महाक्षत्रप होता की एखाद्या महाक्षत्रपाचा मुलगा, यावर विद्वानांनी बरीच शाई खर्च केली आहे. शक-क्षत्रपांचा हात वैनगंगेपर्यंत पोहोचला होता, एवढे तो खांब सांगतोच. तिसरी तऱ्हा सातवाहनांची: एका बाजूला सोंड उचललेला हत्ती, दुसऱ्या बाजूला चार वर्तुळे फुलीने जोडलेले ते प्रसिद्ध उज्जैन चिन्ह, आणि हत्तीच्या भोवती राजाचे नाव. राजाचा चेहरा नाही.

याच शतकांत रोममध्ये मात्र चेहऱ्यावाचून नाणे पडत नव्हते.

इ.स.पू. ४४ मध्ये जूलियस सीझरने जिवंतपणीच आपले मुंडके नाण्यावर घातले. तोवर रोमच्या टांकसाळीतून देव, पूर्वज, हत्ती, जहाजे, काय वाटेल ते निघे, पण जिवंत माणूस नाही. सीझरचा खून झाला तो त्याच वर्षी, मात्र नाण्यावरचा चेहरा काही उतरला नाही. त्याचा दत्तक वारस ऑक्टेव्हियन, म्हणजे पुढचा ऑगस्टस, याने नाण्यांवर स्वतःला ‘देवाचा मुलगा’ म्हणवले. देव म्हणजे अर्थात सीझर. मेल्यावर त्याला रोमच्या सिनेटने देवांत बसवले होते.

ऑगस्टसचे एक नाणे भारतात इतके सापडले आहे की ते रोमचे म्हणावे की दख्खनचे, असा प्रश्न पडावा. चांदीचे, वजन पावणेचार ग्रॅमच्या आसपास. आज फ्रान्समधले लियाँ म्हणून ओळखले जाणारे शहर तेव्हा लुग्दुनुम होते. तिथल्या टांकसाळीत ते इ.स.पू. २ पासून पुढे काही वर्षे पाडले गेले. एका बाजूला पानांचा मुकुट घातलेला ऑगस्टस. दुसरी बाजू नीट पाहण्यासारखी आहे. दोन तरुण समोर तोंड करून उभे आहेत, अंगावर नागरिकाचा झगा. दोघांच्या मधे दोन गोल ढाली जमिनीवर टेकवलेल्या आणि प्रत्येकाचा हात आपापल्या ढालीवर. ढालींमागून भाले वर आलेले. भाल्यांच्या वरच्या जागेत पुरोहिताची दोन उपकरणे, एक पळीसारखे आणि एक वाकड्या काठीसारखे. बोटाच्या पेराएवढ्या चकतीवर एवढे सगळे, आणि भोवती अक्षरांची दाटी: गायुस आणि लुसियुस, ऑगस्टसचे मुलगे, नियोजित कॉन्सल, तरुणांचे अग्रणी.

हे मुलगे ऑगस्टसचे नातू होते, मुलगी जूलियाचे. त्याला स्वतःला मुलगा नव्हता, म्हणून इ.स.पू. १७ मध्ये त्याने दोघांना दत्तक घेतले. दत्तक घेणे रोमला नवे नव्हते आणि आपल्याकडच्या संस्थानिकांनाही नाही. नाण्यावर त्याची जाहिरात करणे मात्र नवे होते. कारण साधे आहे. रोममध्ये राजा हे पद कायद्याने नव्हतेच. ऑगस्टस कागदोपत्री ‘पहिला नागरिक’ होता, आणि पहिल्या नागरिकाच्या मागे कोण, याचा नियम कुठेही लिहिलेला नव्हता. मग वारस ठरवायचा तर तो लोकांच्या, विशेषतः पगार घेणाऱ्या शिपायांच्या, डोळ्यांवर रोज पडला पाहिजे. पगार चांदीच्या नाण्यांत होत असे, तेव्हा जागा तयारच होती.

आणि मग लुसियुस इ.स. २ मध्ये मार्सेय येथे वारला, गायुस इ.स. ४ मध्ये आशिया मायनरच्या लिसिया प्रांतात. त्यांच्या ढालींची नाणी मात्र जहाजांत भरून अरबी समुद्र ओलांडत राहिली. ज्यांना गादी मिळालीच नाही अशा दोन पोरांची चित्रे दख्खन आणि तामिळ देशातल्या मडक्यांत पुरली गेली. भारतात त्यांच्या नकलाही पाडल्या गेल्या. त्यांत अक्षरे म्हणजे नुसत्या उभ्या-आडव्या रेघा. नक्कल करणाऱ्याला गायुस कोण आणि लुसियुस कोण, याच्याशी कर्तव्य नव्हते. ढाली बरोबर आल्या की चांदी खरी, एवढाच हिशेब.

वारसाची माळ शेवटी गळ्यात पडली टायबेरियसच्या, ऑगस्टसच्या बायकोच्या पहिल्या लग्नाच्या मुलाच्या. त्याचे नाणेही भारतात भरपूर आहे: पुढे तो, मागे आसनावर बसलेली एक स्त्री, एका हातात फांदी, दुसऱ्यात दंड. ती देवी म्हणून काढलेली असली तरी पुष्कळांना तिच्यात टायबेरियसची आई लिव्हिया दिसते. तिथेही लेख तोच धागा पकडतो: देव ऑगस्टसचा मुलगा.

हा पैसा इकडे का येत होता, हे रोमन लेखक प्लिनीने चिडून लिहून ठेवले आहे. हिंदुस्थान दरवर्षी रोमच्या साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, असा त्याचा हिशेब. आकडा किती खरा यावर वाद आहेत, तक्रार मात्र खरी असावी. ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी पुस्तिकेत भडोच बंदरात रोमन सोन्याचांदीचे नाणे देशी पैशाशी बदलून नफा होतो, असे स्पष्ट म्हटले आहे, आणि पैठण व तेरहून माल गाड्यांनी भडोचला जातो हेही. घाटावरचे व्यापारी पारखी होते. इ.स. ६४ मध्ये सम्राट नीरोने चांदीच्या नाण्याचे वजन घटवले, तेव्हापासूनच्या चांदीच्या नाण्यांचे प्रमाण भारतातल्या साठ्यांत एकदम घसरते. चेहरा कोणाचा यापेक्षा काट्यावर किती, हे आपल्या लोकांना जास्त कळत होते. पुदुकोट्टईला १८९८ साली मिळालेल्या ५०१ सोन्याच्या नाण्यांतल्या बहुतेकांवर सम्राटाच्या चेहऱ्यावरून छिन्नीचा एक सरळ घाव आहे. तो कोणी आणि का घातला यावर मते अनेक आहेत. ‘हे आता पैसा नाही, नुसते सोने आहे’ असा त्याचा अर्थ मला सर्वांत पटतो.

काही नाण्यांना भोक पाडून किंवा कडी लावून त्यांचे दागिने झाले. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला आणि तेलंगणातल्या कोंडापूरला तर रोमन नाण्यांवरून उठवलेल्या मातीच्या टिकल्या मिळाल्या आहेत. ज्यांना सोने परवडत नव्हते त्यांनी टायबेरियस मातीचा घातला. यात नवल वाटायचे कारण नाही. आपल्या पुतळ्यांच्या माळेतली पुतळी मुळात व्हेनिसचे सोन्याचे नाणे. तिच्यावर संत मार्कपुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा डोजे आहे, आणि आपल्या आज्या-पणज्यांनी ती त्याचे नावही न ऐकता पिढ्यान्‌पिढ्या मिरवली.

पण परक्या चेहऱ्याचा दागिना करणे वेगळे आणि त्याच्यावरून आपल्या राजाचा चेहरा काढणे वेगळे. हे दुसरे काम नहपानाने केले. क्षहरात कुळातला हा क्षत्रप. नाशिक, जुन्नर, कार्ले हा सगळा पट्टा त्याच्या हाताखाली होता. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे त्याची १३,२५० चांदीची नाणी एका जागी सापडली. एका बाजूला राजाचे मुंडके आणि भोवती ग्रीक अक्षरे, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, सोबत ब्राह्मी व खरोष्ठी. तीन लिप्यांत एकच नाव, पण चेहरे किती! कुठे तरणा गडी, कुठे गालफडे बसलेला म्हातारा. कुठे नाक गरुडासारखे, कुठे बसके. एकाच माणसाची ही सगळी चित्रे असणे कठीण, म्हणून घराण्यातल्या वेगवेगळ्या पुरुषांनी मूळपुरुषाच्या नावाने ती पाडली असावीत, असाही तर्क झाला. दुसरा तर्क असा की टांकसाळीतल्या कारागिरांपुढे रोमन नाणी होती आणि हाती लागेल तो सम्राट ते नहपान म्हणून उठवत होते. मला दुसरा जवळचा वाटतो. म्हणजे ऑगस्टस नाहीतर टायबेरियस आपल्या नकळत नाशकात क्षत्रप झाला.

त्या साठ्यातली ९,२७० नाणी दोनदा ठोकलेली आहेत. नहपानाचा पाडाव केल्यावर गौतमीपुत्र सातकर्णीने ती वितळवत बसण्याऐवजी तशीच पुन्हा ऐरणीवर घेतली. चेहऱ्यावर कमानींचा डोंगर आणि ‘राजा गौतमीपुत्र श्री सातकर्णी याचे’ ही अक्षरे, पाठीवर उज्जैन चिन्ह. पुष्कळ नाण्यांवर खालचे नाक किंवा कपाळ अजून वर डोकावते. शत्रूचे तोंड पुसले, पण त्या जागी आपले काढले नाही. आईचे नाव घातले.

इथे दोन देशांच्या सवयी आमनेसामने येतात. रोमन नाणे पुढे बघते: यानंतर कोण. आपले नाणे मागे बघते: हा कोणाचा. गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र; आईच्या गोत्रावरून राजाची ओळख. पश्चिमेकडच्या कार्दमक क्षत्रपांनी हीच गोष्ट बापाच्या नावाने केली. त्यांच्या चांदीच्या नाण्यांवर अमक्या राजाचा पुत्र तमका राजा असे ठराविक सूत्र असते आणि पुढेपुढे चेहऱ्यामागे शक वर्षही. इतिहासकाराला याहून सोयीचे नाणे नाही: बापाचे नाव, मुलाचे नाव, साल. पुराणांतल्या याद्या चाळून हैराण झालेल्या माणसाला तर ते वरदानच.

सातवाहनांच्या बाबतीत ती सोय विदर्भाने करून दिली, पण उलट्या रीतीने. १९३९ साली मंगरूळपीर तालुक्यातल्या तऱ्हाळा येथे सुमारे १,६०० नाणी सापडली. तांबे, शिसे, कथील यांच्या मिश्रधातूची, पोटीन म्हणतात ती, हत्ती आणि उज्जैन चिन्हाची. नागपूरच्या वासुदेव विष्णु मिराशींनी ती एकेक करून वाचली. हे काम किती किचकट असते ते अशी नाणी हातात घेतल्याशिवाय कळत नाही. साचा नाण्यापेक्षा मोठा, म्हणून अक्षरांची वेल कुठेतरी काठाबाहेर जाते. एका नाण्यावर नावाचा आरंभ उरतो, दुसऱ्यावर शेपूट. पाच-पंचवीस नाणी शेजारी शेजारी मांडावी तेव्हा एक नाव पुरे होते. मिराशींना गौतमीपुत्र, पुळुमावी, यज्ञ सातकर्णी ही ओळखीची मंडळी भेटलीच, शिवाय कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी असे राजेही भेटले, ज्यांचा पुराणांत पत्ताच नाही. चेहरा नाही, साल नाही, बापाचे नाव नाही. फक्त हत्तीच्या पाठीवरून गेलेली काही अक्षरे, आणि त्यावर एक राजा उभा राहिला. रोमन नाण्यांच्या अभ्यासकाला असली वेळ येत नाही; त्याच्याकडे सम्राटाची हनुवटीसुद्धा वयानुसार जाड होत गेलेली दिसते.

सातवाहनांनी चेहरा अजिबात टाळला असे मात्र नाही. वासिष्ठीपुत्र पुळुमावी, यज्ञ सातकर्णी यांची चांदीची चेहरेवाली नाणी आहेत. १८८२ साली सोपाऱ्याच्या स्तूपात भगवानलाल इंद्रजींना यज्ञ सातकर्णीचे असे एक नाणे मिळाले. वजन, घडण, मुंडक्याची बसण, सगळे क्षत्रपांच्या वळणाचे. क्षत्रपांच्या मुलखात चालणारा पैसा तसाच असायला हवा, हे त्याचे व्यापारी कारण. पण घरातलेही एक कारण होते. कान्हेरीच्या एका लेखात वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी कार्दमक कुळातली, एका महाक्षत्रपाची मुलगी असल्याचे म्हटले आहे. हा महाक्षत्रप रुद्रदामन मानला जातो, आणि रुद्रदामनाने इ.स. १५० च्या गिरनार लेखात सातकर्णीला दोनदा हरवूनही जवळच्या नात्यामुळे जिवे मारले नाही, असे मोठ्या दिलाने नमूद केले आहे. सासऱ्याचा मार खाल्लेल्या घराण्याने सासरच्या धर्तीवर नाणी पाडली. तह आणि लग्ने यांचा इतिहास असा कधीकधी टांकसाळीतून वाचता येतो.

रोमलाही बायकांशिवाय चालले नाही. इ.स. ५४ मध्ये सोळा-सतरा वर्षांचा नीरो गादीवर आला तेव्हाच्या नाण्यांवर तो आणि आई आग्रिप्पिना समोरासमोर आहेत, नाकाला नाक लावून, आणि मानाची बाजू आईची. पुढच्या वर्षी दोघे एकाच दिशेला बघतात, नीरो पुढे, आई मागे. मग ती नाहीशी होते. ५९ मध्ये नीरोने तिला मारवले. चार-पाच वर्षांचा घरचा तमाशा, आणि त्याचे निम्मे अंक चकत्यांवर. दीडशे वर्षांनी सेप्टिमियस सेव्हेरसने तर कहर केला. तो आफ्रिकेतला सेनापती, तलवारीच्या जोरावर सम्राट झालेला. १९५ साली त्याने आपण सम्राट मार्कस ऑरेलियसचा मुलगा असल्याचे जाहीर केले, मार्कसला मरून पंधरा वर्षे झाली असताना. दत्तक पुष्कळ पाहिले, पण मेलेला बाप दत्तक घेणारा हाच. त्याच्या एका सोन्याच्या नाण्यावर राणी जूलिया डोम्ना समोर तोंड करून मधे, तिच्या दोन बाजूंना कॅराकॅला आणि गेटा हे मुलगे, आणि लेखात या युगाच्या भाग्याचा गौरव. सोलापूरकडच्या दारफळच्या सोन्याच्या साठ्यात सेव्हेरसही होता, म्हणजे या घराण्याची ख्याती भीमेच्या खोऱ्यापर्यंत आली होती. बाप २११ मध्ये वारला. त्याच वर्षाअखेर कॅराकॅलाने गेटाला आईच्या कुशीत मारले आणि त्याचे नाव दगडांवरून, चेहरा चित्रांवरून खरवडून काढला. ज्या घरात वारसाहक्क डळमळीत, त्याच घराची नाणी कुटुंबवत्सल. हे रोमच्या बाबतीत इतक्या वेळा घडते की नाण्यावर हसरे कुटुंब दिसले की आत काहीतरी बिनसले आहे, असे धरून चालावे.

मग आपल्याकडे वारसदाराची घोषणा कधी झालीच नाही का? झाली, आणि तिच्यासाठी पुन्हा वैनगंगेच्या टापूतच यावे लागते. सातवाहनांनंतर विदर्भावर वाकाटक आले. नाण्यांची त्यांना फारशी हौस नव्हती. घराण्याचा पाढा ते ताम्रपटांवर वाचत. दुसऱ्या प्रवरसेनाचा एक ताम्रपट पवनीलाच मिळाला आहे. दर दानाच्या आरंभी तीच वंशावळ: पहिला प्रवरसेन, त्याचा नातू रुद्रसेन, जो भारशिवांच्या भवनागाचा दौहित्र, मग पुढचे, आणि शेवटी प्रभावतीगुप्ता, महाराजाधिराज देवगुप्ताची मुलगी. देवगुप्त म्हणजे चंद्रगुप्त दुसरा.

ही प्रभावती नवरा अकाली गेल्यावर मुलांच्या वतीने राज्य करत होती. तिचे नाव आणि शंख उमटवलेली मातीची मुद्रा रामटेकजवळच्या नगरधनला, म्हणजे वाकाटकांच्या नंदिवर्धनला, उत्खननात सापडली आहे. तिचा पुणे ताम्रपट म्हणून ओळखला जाणारा पट तिच्या कारभाराच्या तेराव्या वर्षाचा. त्याची सुरुवात नवऱ्याच्या घराण्याने होत नाही, माहेरच्या गुप्तांच्या वंशावळीने होते. आणि त्याच्या मुद्रेवर ती स्वतःला युवराजाची आई म्हणवते. युवराजाचे नाव दिवाकरसेन. गादीवर कर्ता पुरुष नाही, सत्ता बाईच्या हातात, शेजारी टपलेले, तेव्हा मागचे सांगून भागेना. रोमसारखे पुढचेही सांगावे लागले.

दिवाकरसेन राजा झालाच नाही. गायुस आणि लुसियुसप्रमाणे तोही जाहीर होऊन राहिला. गादीवर आलेल्या दुसऱ्या प्रवरसेनाच्या पटांत प्रभावतीचा मुलगा प्रवरसेन एवढेच येते. थोरल्या भावाचा उल्लेखही नाही.